सीझन संपल्यावर करू

मी, मधुकर दामोदर खानझोडे, वय वर्षे एक्कावन्न, मूळचा नागपूरचा, हल्ली मुक्काम एडिसन, न्यू जर्सी, व्यवसाय केमिकल इंजिनिअर, माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते आज रविवार, दिनांक १४ सप्टेंबर १९८६ रोजी स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या बेसबॉल टीमने, मेट्सने, फिलाडेल्फियात लागोपाठ तिसरा सामना घालवला असला, तरीही आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट ज्याने आणायला हवे होते त्याला मी जूनपासून गप्प बसवले आहे. त्याचे पुढे येईलच.

कलम १. राहते घर, गाडी, बँकेत असेल ते आणि कंपनीचा विमा, सर्व माझी पत्नी सौ. सुहासिनी हिला. यात लिहिण्यासारखे काही नाही. तळघरातली माझी खुर्ची तिने टाकून दिली तरी चालेल, बारा वर्षे ती तेच म्हणते आहे. मात्र सीझन चालू असताना टाकू नये.

कलम २. बेसबॉलच्या वह्या, एकूण बारा, १९७५ पासून दर सीझनला एक, या माझी मुलगी दीपा हिला. प्रत्येक सामना, प्रत्येक फलंदाज, मी रेडिओवर ऐकून मराठीत उतरवला आहे. मैदानावरच्या नऊ जणांना १ ते ९ आकडे, आणि तिसरा स्ट्राइक पडून कोणी बाद झाला की त्रिफळ्यातला ‘त्रि’. दीपा आठ वर्षांची असताना मराठीची उजळणी म्हणून मी तिला हे शिकवले. रविवारच्या मराठी शाळेत ती जांभया द्यायची. माझ्या वहीत मात्र तिने देवनागरी आकडे आठवड्याभरात उचलले. आज सोळा वर्षांची आहे. ऑफिसहून येताना माझ्या आगगाडीला उशीर झाला की सुरुवातीच्या इनिंग्ज तीच भरते, आणि माझ्यापेक्षा नीटनेटक्या भरते. बोलते इंग्रजीत, पण त्रि लिहिते ठसक्यात.

कलम ३. माझी क्रिकेटची बॅट श्री. विवेक टेंभे यांना. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांसमोर ते मला म्हणाले होते, “अरे यार, बेसबॉल हा काय खेळ आहे? ज्यांना क्रिकेट जमत नाही त्यांनी खेळायचा.” नंतर गणपतीची आरती त्यांनी मुद्दाम सामन्याच्या वेळेला ठेवली. मी गेलो, आणि कानात इअरफोन घालून उभा राहिलो. टाळ्या चुकल्या, लोकांनी पाहिले, आणि सुहासिनी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बॅटीला वाळवी लागलेली आहे, हे टेंभ्यांना आधी सांगू नये.

हे लिहिताना मी तीनदा उठलो. एकदा गॅरेजपर्यंत जाऊन आलो. एका जागी बसवत नाही. डॉक्टर म्हणतो जिने चढू नकोस, आणि बसून राहिलो तर छातीत काय चालले आहे ते ऐकू येते.

कलम ४. आता मुख्य. माझ्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत. माझा वर्गमित्र डॉ. उल्हास बर्डे, जो इथे हृदयाचाच डॉक्टर आहे, त्याने जूनमध्ये चित्र दाखवून सांगितले, “मध्या, बायपास लागणार. लगेच.” मी म्हटले, “सीझनच्या मधल्या ऑल-स्टारच्या सुट्टीनंतर बघू.” जुलैत म्हटले, आघाडी पक्की झाली की. ऑगस्टमध्ये म्हटले, गटात पहिले आलो की. इतकी वर्षे हरणारी टीम पाहिली, आता कुठे जिंकते आहे, आणि हा माणूस मला भूल द्यायला निघाला आहे! सुहासिनीला यातले काही माहीत नाही. गोळ्या मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. मी मयत झाल्यावर हे तिने वाचावे आणि उल्हासला दोष देऊ नये. त्याला मी शपथ घातली होती.

कलम ५. (त्याच दिवशी, संध्याकाळी.) साक्षीदार म्हणून उल्हासला बोलावले. त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले आणि पेन टेबलावर आपटले.

“मी सही करणार नाही,” म्हणाला. “आधी वहिनींना सांग.”

“सांगतो. सीझन संपल्यावर.”

“जिंकत राहिलात तर तो ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जाईल, गाढवा! तुझी टीम हरावी म्हणून मी रोज देवाला हात जोडतो, कळतंय का तुला?”

असा साक्षीदार काय कामाचा? चहा न घेता गेला. मृत्युपत्र सहीवाचून राहिले. ते मी या सीझनच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटे लिहीत आलो आहे, कारण या घरात त्या वहीला दुसरे कोणी हात लावत नाही.

कलम ६. (शुक्रवार, १९ सप्टेंबर.) वरचे वाक्य किती मूर्खपणाचे आहे ते कलम २ वाचल्यावर कोणालाही कळेल. मला कळले नाही.

बुधवारी न्यूयॉर्कहून येणारी गाडी नुअर्कच्या पुढे अर्धा तास खोळंबली. आज जिंकलो तर गटात पहिले, असा सामना, आणि मी डब्यात उभा. उजवा हात दुखत होता की डावा, हे मी स्वतःशीच ठरवत होतो. घरी आलो तर रेडिओ बंद. स्वयंपाकघरात दोघी बसलेल्या, मध्ये वही उघडी.

दीपाने पहिली इनिंग नेहमीसारखी भरली होती. मग गटात पहिले आल्यावरच्या सामन्यांना, प्लेऑफ्सना, पाने पुरतील का हे मोजायला तिने वही मागून उघडली. माझे अक्षर बघितले. एकेक अक्षर लावत वाचत गेली. ‘बायपास’ तिला लगेच कळले, तो शब्द तिचाच. मग तिने हाक मारून विचारले, “आई, मयत म्हणजे काय?”

सुहासिनी पोळ्या करीत होती. तिने विचारले, कुठे वाचलास. दीपाने वही नेऊन दाखवली. तव्यावरची पोळी जळून गेली होती, ती मी आलो तेव्हाही तशीच होती.

मी बूट काढतो न काढतो तोच दीपा म्हणाली, “बाबा, आर यू डाइंग?”

मी म्हटले, “नाही गं. बस, थोडं प्लंबिंगचं काम आहे.”

“डोन्ट बी फनी,” ती ओरडली, आणि रडायला लागली.

सुहासिनी रडली नाही. तिने मला विचारले, “जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने माझ्या शेजारी झोपलात तुम्ही. एकदाही वाटलं नाही सांगावं?”

“सीझन…”

“खड्ड्यात गेला तुमचा सीझन! मला विधवा करून तुमची टीम कप आणणार होती का घरी?”

त्या संध्याकाळी मेट्स जिंकले. गटात पहिले आले. मला ते गुरुवारी सकाळी पेपरातून कळले. वहीत त्या सामन्याची पहिली इनिंग आहे, पुढचे पान कोरे आहे. ते कोरेच राहील.

कलम ७. (शनिवार.) उल्हासने ऑपरेशनची तारीख घेतली आहे, मंगळवार, २३ सप्टेंबर. प्लेऑफ्स सोडले तर सीझन संपायला तेव्हा बारा दिवस उरतील. कळल्यावर विवेक टेंभे स्वतःहून आले, दुसरे साक्षीदार होतो म्हणाले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून कलम ३ रद्द. तोंड गोड झाल्यावर त्यांनी स्कोअर विचारला. मी सांगितला. त्यांना अर्थ कळला नाही, तरी मान हलवली. माणूस वाईट नाही.

कलम ८. (रविवार, २१ सप्टेंबर, दुपार.) एवढे लिहिले त्यात एक गोष्ट खोटी आहे, आणि खोटे कागदपत्र मागे ठेवून मला ऑपरेशनला जायचे नाही.

मी सीझनसाठी थांबलो नव्हतो. माझा धाकटा भाऊ श्रीरंग चौतिसाव्या वर्षी नागपूरच्या हॉस्पिटलात चालत गेला. साधे ऑपरेशन होते. मी इथून फोनवर त्याला म्हटले होते, “घाबरतोस काय लेका, झोपून उठशील.” तो उठला नाही. तिकीट काढून पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. तेव्हापासून भूल हा शब्द ऐकला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. उल्हासने चित्र दाखवले त्या दिवशी मला त्यात श्रीरंगच दिसला. पण भितो म्हणून सांगायला लाज वाटते. मॅच आहे म्हणून सांगितले की लोक हसतात आणि सोडून देतात. ऑक्टोबर संपला असता तर मी दुसरे काहीतरी शोधले असते. मी शोधतच राहिलो असतो.

हे आज जेवणानंतर सुहासिनीला मोठ्याने वाचून दाखवले. चिडेल असे वाटले होते. ती माझी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “मग हे एवढंच सांगायचं होतं ना हो. मलाही भीती वाटते. बुधवारपासून मी एक रात्र झोपले नाही. आता दोघं मिळून घाबरू.”

मी रडलो. एक्कावन्न वर्षांचा माणूस, बाहेर शेजारी गवत कापतो आहे, आणि मी हुंदके देतो आहे. ती उठली नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, कलम ३ गाळून कायम करीत आहे. यापूर्वी कोणाला काही कबूल केले असेल तर ते रद्द समजावे. व्यवस्था पाहणार: सौ. सुहासिनी. सही करताना माझा हात थरथरला आहे. तो आजाराने नव्हे, भीतीने, याची दोन्ही साक्षीदारांनी नोंद घ्यावी. डॉक्टर साक्षीदाराने विशेष घ्यावी.

मधुकर दामोदर खानझोडे

साक्षीदार:
१. डॉ. उल्हास बर्डे (नोंद घेतली. मंगळवारी सकाळी सहा वाजता. उपाशीपोटी.)
२. विवेक टेंभे

स्थळ: एडिसन, न्यू जर्सी
दिनांक: २१ सप्टेंबर १९८६