सत्तूर आणि सुई

४ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाला, फ्लूची लस घ्या, दरवर्षी, हृदयासाठी. म्हटलं, हृदय मला शिकवतोस? मटणाचं दुकान आहे माझं, रोज चार-पाच हृदयं हाताखालून जातात. तर म्हणे, त्यांच्यात स्टेंट नसतो, तुमच्यात आहे. उर्मट मेला! टेबल उलथवणार होते, पण त्यावर माझाच चष्मा होता.

७ ऑक्टोबर
सून मागे लागलीय. म्हणते, मामंजींचं काय झालं? फ्लू झाला, ताप उतरला, आठव्या दिवशी गल्ल्यावर बसल्या जागी अटॅक. डॉक्टरनं तिला पढवलंय. ताप गेला तरी हृदयावरचा ताण लगेच जात नाही, लसीनं धोका कमी होतो, वगैरे. ह्यांचा विषय मला चालत नाही. सत्तूर ओंडक्यावर असा हाणला की गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं.
सुईची भीती? मला? चाळीस वर्षं रक्तात हात आहेत.

९ ऑक्टोबर, सकाळी ९
ठरलं. आज लस. सुनेवर उपकार.

सकाळी ११
रांगेत एका म्हातारीनं धक्का दिला. मी पिशवी हाणली. तिनं काठी. मजा आली. नर्सनं दोघींना हाकललं. त्याआधी मी तिचा पाय तुडवला होता, पण चुकून. दोनदा.
प्रयत्न तर केला ना!

१२ ऑक्टोबर
सुनेनं कपटानं नर्स घरीच बोलावली. मी सत्तूर फेकला. तिला नव्हे, दाराला. तीन बोटं आत रुतला. नर्स चप्पल विसरून पळाली.
सून भांडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, गल्ल्यावरून दुसऱ्यांदा कुणाला उचलायची ताकद नाही माझ्यात.
मग तासभर सत्तुराशी झटापट केली. निघाला नाही.

१५ ऑक्टोबर
गेले. वाघिणीसारखी. डोळे मिटले ते उजेड फार होता म्हणून. टोचलं. काही कळलंसुद्धा नाही. फक्त तोंडात काहीतरी होतं.
नर्सचा दंड होता. सून म्हणते, दोघांनी ओढलं तेव्हा सुटला. रक्त आलं. मग नर्सलाच धनुर्वाताचं इंजेक्शन, माझ्या शेजारच्या खुर्चीत. पठ्ठीची पापणीही लवली नाही. म्हणाली, आजी, तुमच्या दातांवर लस निघाली की पहिला नंबर माझा.
तिची सुई मला दिसली. पुढचं सून सांगते : मी खुर्चीसकट आडवी.
पुढच्या वर्षीची तारीख सुनेनं दारावर खडूनं लिहिलीय. सत्तुराच्या बरोब्बर खाली. तो अजून तिथंच आहे.