तुमचं झाड काढण्याबाबत

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. हल्ली मी सरळ उभी राहिलेली नाही, कारण पुढे येतंच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? सुनेशी बोलणं सुरू झालं का? तिन्ही दुखणी बरी होवोत. इकडे माणसं खुशाल आहेत, अंगण आजारी आहे, आणि तो आजार तुम्ही पिशवीत घालून आणला होता. मोठ्या आहात म्हणून मान राखून लिहितेय. दुसरीत शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षर आणि जीभ दोन्ही सांभाळून घ्या.

मागे आलात तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून एक रोप दिलंत. म्हणालात, आपल्याच मातीतलं आहे, त्याला काही करावं लागत नाही, लावा आणि विसरा. लावलं. पण विसरू देईल तर शप्पथ! त्याचं नाव तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी ह्यांच्या खिशातून धुण्यात गेली (गिऱ्हाइकांचे खिसे मी तपासते, घरच्यांचे कोण तपासतो). म्हणून घरात त्याला ‘वन्संचं झाड’ म्हणायला लागलो, आणि आता गल्लीत नुसतंच ‘वन्सं’ म्हणतात. वन्सं भिंतीपलीकडे गेल्या, वन्संना जरा छाटा, वन्सं वाटेत आडव्या येतात. मी तोंडाला पदर लावून हसते, खोटं कशाला सांगू.

आता मुद्द्याचं. आपली लॉन्ड्री चालते ती लॉजच्या पांढऱ्या चादरींवर. बाकीचे सदरे-पँटी म्हणजे चहात बुडवायची बिस्किटं, पोट चादरींनीच भरतं. त्या चादरी वाळतात मागच्या अंगणात, नळापासून भिंतीपर्यंतच्या दोऱ्यांवर. तुमचं झाड लावलं नळाशी, कोपऱ्यात. पहिलं वर्ष गरीब गाईसारखं उभं राहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, इतकं गरीब कुणी नसतं. दुसऱ्या वर्षी जमिनीखालून पसरत त्यानं पहिल्या दोरीच्या कडेला डोकं काढलं, मग दुसऱ्या. साबणाचं पाणी, सोड्याचं पाणी, खळीचं पाणी, मोरीतून जे गेलं ते पिऊन माजलं. दांडे मनगटाएवढे, पानाला हात लावावा तर उग्र वास, आणि वर जांभळी फुलं. तुम्ही म्हणाल, किती छान. छान कसलं डोंबलाचं! ओल्या चादरीवर एक फूल पडलं की एक ठिपका, आणि तो ठिपका सोड्याला बधत नाही, निळीला बधत नाही, माझ्या शिव्यांना तर मुळीच नाही.

लॉजवर चादरी-टॉवेलचं बघणारी एक चष्मेवाली आहे. डॉक्टरनं एक्स-रे धरावा तशी ती चादर उजेडाला धरते. परवा चार लोकांत मला म्हणाली, ‘मावशी, आमच्याकडे माणसं झोपायला येतात, नक्षी बघायला नाही. पुन्हा ठिपका दिसला तर काम मशीनवाल्याला देईन.’ म्हणजे दुकानाला कुलूप, वन्सं. एका फुलापायी.

मी कोयता घेतला. पण तुमचे बंधू! हात थरथरतो म्हणून इस्त्री सोडल्यापासून त्यांना दिवस खायला उठतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधी दुकानात बसून माझ्या घड्या मोजायचे, चुका काढायचे. आता पायरीवर बसून झाडाकडे बघतात, त्याला नवं पान आलं की मला हाक मारतात, जसं काही ते पान त्यांनीच इस्त्री करून लावलंय. मी कोयता उचलला की म्हणतात, ताईनं दिलंय, राहू दे. मग ते दुकानात पेपर वाचायला गेले की मी छाटायचे. छाटलं की ते दुप्पट यायचं, मी पुन्हा वाकलेलीच. तुमच्या माहेरचीच माती ती, ऐकून घ्यायची सवय कुठून असणार.

त्यात माझ्या हातून एक शहाणपणा झाला. ओल्या चादरींच्या वजनानं दोरी मध्ये लोंबते, तिला खाली टेकू लागतो. आणि मी कसली, फाटकी चादरही टाकत नाही, तिची पायपुसणी करते. छाटलेले दांडे बघितले, जाड, सरळ, वर फाटा फुटलेले. म्हटलं, बरे आहेत, बांबूचा खर्च वाचला. दिले एकेका दोरीखाली खोचून. आठवडाभर स्वतःवर खूश होते. मग एका टेकूला पालवी फुटली. बघता बघता सगळ्यांनाच फुटली. जे झाड दोऱ्यांच्या कडेकडेनं फिरत होतं, त्याला मी हाताला धरून ऐन चादरीखाली नेऊन बसवलं.

भिंतीपलीकडे बागमंडळाचे अध्यक्ष राहतात. त्यांना पालवीचा वास लागला. मंडळातल्या माणसांना घेऊन माझ्या अंगणात आले, चादरी बाजूला सारून (धुतलेल्या हातानं तरी!) म्हणाले, हा आपला ठेवा आहे, ह्यावर फुलपाखरं जगतात. मी विचारलं, फुलपाखरं लॉज चालवतात का? कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याच दुधाचा चहा घेतला, ‘देशी झाड, तोडू नये’ अशी पाटी नळाशी ठोकली आणि गेले. आमच्या ह्यांनी पाटी रोज पुसायला घेतली. अध्यक्षांच्या स्वतःच्या अंगणात मात्र विलायती हिरवळ, कातरीनं कापलेली, तिच्यावर चप्पल घालून जायची चोरी. पुढच्या महिन्यात तुमचं झाड भिंतीखालून त्या हिरवळीत निघालं. दुसऱ्याच दिवशी स्वारी दारात. म्हणे, हे तण आहे, तुमची जबाबदारी आहे. मी म्हटलं, ‘अहो, ठेवा आहे ना? ठेवा तुमच्याकडे.’ त्यांनी जाताना पाटी उपटून नेली. आजवर ह्या अंगणातून मुळासकट निघालेली तेवढी एकच वस्तू. मग त्यांनी कसलंसं औषध मारलं. हिरवळ मेली. झाड आहे.

तर वन्सं, हात जोडून सांगते. तुमच्या भावाला एक ओळ लिहा : ‘झाड काढून टाक, मी रागावणार नाही.’ माझं ऐकत नाहीत, तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. लॉज गेलं तर आम्ही दोघं त्या झाडाखाली बसून पानं चावू. लवकर लिहा. आणि पुन्हा याल तेव्हा रिकाम्या हातानं या, त्यात कसला कमीपणा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, पदराच्या गाठीत पडून होतं. ओळ लिहू नका. हे मुक्कामाला मावसभावाकडे गेले, तेवढ्यात मी माणसं लावून कुदळीनं सगळं काढलं. मुळंसुद्धा चुलीत घातली. परत आले, अंगणाकडे बघितलं, पायरीवर जाऊन बसले. जेवले अर्धंच. होईल सवय.

ता. क. दुसरा. पत्र अजून इथंच आहे. चष्मेवाली आली होती. चादरी दुधासारख्या, एक ठिपका नाही. तरी तोंड वाकडं! म्हणे, गिऱ्हाइकं रात्रभर खाजवतात, आधी तुमच्या चादरींना कसला तरी वास यायचा तेव्हा डास फिरकत नव्हते. पूर्वीसारख्याच द्या, पण ठिपके नकोत. म्हणजे झाड हवं, फूल नको. कळी आली की खुडायची, एवढंच ना? आधी कुणी सांगितलं असतं तर! तेव्हा थोडी मुळं पाठवा. अध्यक्षांकडे रान माजलंय, पण त्यांच्या दारात मागायला जाण्यापेक्षा मी रोज लॉजवर जाऊन डास मारीन.

ता. क. शेवटचा. मुळंही पाठवू नका. आज इस्त्रीच्या टेबलाखाली गेलेलं बटण शोधायला वाकले, तर मागे बादली, बादलीत माती, मातीत तुमचं झाड, चांगलं वीतभर. मावसभावाकडे जातानाच लपवून गेले होते वाटतं, मला ओळखून आहेत. मी बादली खिडकीच्या उन्हात सरकवली. संध्याकाळी ती परत टेबलाखाली. सकाळी मी पुन्हा सरकवली. आधी कबूल कुणी करायचं?

तर आता तुम्ही भावाला एवढीच ओळ लिहा : ‘माझं झाड काढलंत तर खबरदार.’ मोठ्या नणंदेचा हुकूम म्हटलं की मला नाइलाजानं ‘हो’ म्हणता येईल.