आतून कडी, बाहेर पुतण्या

चि. धाकट्यास,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, सौ. धाकटीचा खोकला आणि तुमच्या गच्चीची गळती ही तिन्ही आता बरी असतील, असे गृहीत धरून पुढे लिहितो. आमच्याकडे तुझ्या वहिनीची प्रकृती उत्तम आहे. माझीही उत्तम होती. मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत होती. त्यानंतर रक्तदाब वाढला. त्यास कारण तुझे चिरंजीव. सबब हे पत्र तुलाच लिहिणे क्रमप्राप्त आहे.

तुला ठाऊकच आहे की आमच्या छापखान्यात परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जातात. पहिली अकरा वर्षे मी तेथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळविले आणि पुढील तेवीस वर्षे मोहोरबंद खोली सांभाळली. प्रश्नपत्रिका परीक्षा कार्यालयातून पिशवीत येई. पिशवीला सुतळी, सुतळीला गाठ, गाठीवर लाख, लाखेवर मोहोर. ती फोडताना दोन साक्षीदार आणि नोंदवहीत तीन सह्या. तेवीस वर्षांत एकही प्रश्न दाराबाहेर गेला नाही. (मी चौथी शिकलेला असल्यामुळे मला प्रश्न कळणार नाहीत, म्हणून मला नेमले, असे जे बोलले जाते ते खोटे आहे. मला कळत. सातवीच्या गणितात दोनदा चूक होती, ती मीच दाखविली.)

आता पिशवी येत नाही. प्रश्नपत्रिका तारेतून येते आणि माझ्याच खोलीत ठेवलेल्या सर्व्हर नावाच्या यंत्रात उतरते. हे यंत्र दिसण्यात लोखंडी ट्रंकेसारखे असून आवाज मात्र गिरणीसारखा करते. त्याच्या बंदोबस्तासाठी तुझ्या चिरंजीवांस सहा महिन्यांच्या मुदतीवर घेतले. मुदतीनंतर ठेवायचे की नाही, हे व्यवस्थापक ठरविणार. आणि सर्व काम दुरूनच होणार असेल तर खोली आणि तिचा राखणदार हवा कशाला, हेही तेच ठरविणार. म्हणजे एकाच चुलीवर काका आणि पुतण्या अशी दोन्ही भांडी चढविली आहेत.

चिरंजीव हुशार आहेत, हे मी नाकारीत नाही. आल्या आल्या त्यांनी मला एक यादी दाखविली. आदल्या एका दिवसात त्या यंत्राच्या दारावर चाळीस हजार वेळा अनोळखी लोकांनी थाप मारली होती. निरनिराळी नावे सांगून, निरनिराळे पासवर्ड लावून! माझ्या दारावर तेवीस वर्षांत तीन अनोळखी माणसे आली, आणि त्यांतील एक पंखा दुरुस्त करणारा होता. शिवाय तोवर तारेतून फाईल उघडीच यायची. वाटेत कोणीही डोकवावे, जशी बाजारातून टोपलीतली भाजी. हे ऐकल्यावर मी स्वतः म्हणालो, "बंद कर. सगळं बंद कर." (हे वाक्य तो आता माझ्याविरुद्ध वापरतो.)

मग त्याने बंदोबस्त केला. फाईल आता अशी गुंडाळून येते की ज्याच्यापाशी किल्ली त्यालाच ती उलगडते. इतरांना नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. दुरून यंत्रात शिरणाऱ्यास पासवर्ड चालणार नाही, प्रत्येकाची स्वतंत्र किल्ली यंत्रात आधी बसविलेली हवी. तीन वेळा चुकला की दार बंद. सगळे अधिकार असलेले यंत्राचे एक नाव असते, त्यास मी थोरला साहेब म्हणतो, ते नाव सांगून दुरून थेट आत घुसण्यास मनाई. यासोबत त्याने तेरा नियमांचा कागद टंकून माझ्या दारावर चिकटविला. नियम चौथा: यादीत नाव नसलेल्या व्यक्तीस, मग ती कोणीही असो, व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीशिवाय खोलीत प्रवेश नाही. नियम सातवा: पासवर्ड कोणासही सांगू नये. नियम नववा: कार्यालयीन कागद फोनवरून किंवा साध्या मेलने पाठवू नये, केवळ नव्या सुरक्षित मार्गाने पाठवावा. यादीत दोनच नावे होती, व्यवस्थापक आणि मी. मी विचारले, "तुझं नाव?" तर हसून म्हणतो, "मोठे काका, मी कशाला येतोय त्या खोलीत? मी घरून चहा पीत पीत सगळं करणार."

मंगळवारी त्याने घरून चहा पीत पीत जे केले ते असे. व्यवस्थापकांची किल्ली यंत्रात आदराने प्रथम बसविली. स्वतःची आणि छपाई विभागाची नंतर बसवू म्हणाला. आणि त्या दोन्ही बसविण्याआधीच पासवर्डचे दार कायमचे लावून टाकले. म्हणजे पाहा, गृहस्थ स्वतः अंगणात उभा आणि घराला आतून कडी! प्रश्नपत्रिका आत, छपाईचे यंत्र बाहेर रिकामे, आणि दुपारी दोन वाजता गठ्ठे न्यायला गाडी येणार.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो धापा टाकीत माझ्या दारात आला. पायांत घरातल्या सपाता होत्या. (पस्तिशीचा, बायको असलेला माणूस!) म्हणाला, "काका, दार उघडा, दोन मिनिटांचं काम आहे." मी दार उघडले आणि उंबऱ्यात उभा राहिलो. म्हटले, "नियम चौथा."

"अहो काका, नियम मीच लिहिलाय!"

"म्हणूनच तो तुला पाठ असायला हवा."

यात माझे काय चुकले, ते तू सांग. तो माझ्या मांडीवर खेळला, हे खरे. परंतु मांडीवर खेळल्याची नोंद यादीत नाही. त्याने प्रवासात असलेल्या व्यवस्थापकांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ता लेखी परवानगी पाठवितो. पाठविलीही तत्काळ. पण सज्जन माणूस, नियम नववा पाळून पाठविली! सुरक्षित मार्गाने, गुंडाळून, त्याच कडी लावलेल्या यंत्रात! त्या यंत्रात वस्तू टाकण्याइतपतच त्यांना वाव आहे, दार उघडण्याचा नाही. खोलीत शिरण्याची परवानगी खोलीतच जाऊन बसली. छपाई विभागाचे प्रमुख भिंतीला टेकून खाली बसले. तुझे चिरंजीव म्हणाले, "काका, तुम्ही माणूस आहात की फायरवॉल?" ही शिवी आहे काय, याचा कृपया खुलासा व्हावा.

मी आडमुठा नाही. मी म्हणालो, यादीत माझे नाव आहे, मी आत जातो. यंत्राला की-बोर्ड जोडलेला आहे आणि यंत्रासमोर बसणाऱ्यास पासवर्ड अजून चालतो. तू बाहेरून पासवर्ड सांग, मी दाबतो. तर तो ताठ उभा राहून म्हणतो, "नाही. नियम सातवा." त्या क्षणी मला त्याचा संताप आला आणि (हे फक्त तुला लिहितो) थोडे बरेही वाटले.

शेवटी तोड मी काढली. प्रवेश निषिद्ध आहे, की-बोर्ड बाहेर नेणे निषिद्ध नाही. त्याची तार ओढून ओढून उंबऱ्यापार आणली. मॉनिटरची तार मात्र आखूड, तो आतच राहिला. चिरंजीव बाहेर जमिनीवर मांडी घालून आंधळेपणाने टंकू लागले आणि मी आतून पडद्यावरचे एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागलो. पासवर्डच्या वेळी मी स्वतःहून पाठ फिरविली. मला इंग्रजी शब्द कळत नाहीत. परंतु अकरा वर्षे शिशाची उलटी अक्षरे जुळविणाऱ्यास सुलटी ओळखता येतात. एका ओळीपाशी मी म्हणालो, "थांब. वरच्या ओळीत या शब्दाला शेवटी नागमोडी अक्षर आहे, तुझ्या ओळीत नाही." तो म्हणाला, असणारच. मी म्हणालो, नाही. तिसऱ्यांदा वाचून दाखविल्यावर त्याचा चेहरा पडला. ती ओळ तशीच गेली असती तर उरलेसुरले दारही बंद झाले असते. पावणेबारा वाजता किल्ल्या बसल्या. गाडी वेळेवर गेली.

आता मुद्दा. व्यवस्थापकांनी घडल्या प्रकाराचा लेखी अहवाल माझ्याकडे मागितला आहे. मी सत्य लिहिले तर खोली राहते, मी राहतो आणि तुझ्या चिरंजीवांची मुदत तेथेच संपते. माझ्या हातून आजवर खोटी नोंद झालेली नाही. मुलास वळण न लावल्याचा परिणाम काय होतो, याचा तू बापाच्या नात्याने शांतपणे विचार करावास. सपातांचाही करावास.

तुझा,
थोरला

ता.क. अहवाल मी हे पत्र लिहिण्यापूर्वीच, काल सकाळी दिला. खोलीचे कुलूप जुने असून किल्ली फिरेना, त्यामुळे पावणेदोन तासांचा विलंब झाला. बंदोबस्ताच्या कामात कसूर आढळली नाही, असे लिहिले. ओळ खोटी आहे, परंतु शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. चिरंजीवांस यातले काही कळता कामा नये.

ता.क. २. अहवाल वाचून व्यवस्थापक म्हणाले, कुलूपच अडवत असेल तर पहिल्या तारखेपासून ही खोली बंद करू. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.

ता.क. ३. वर एक गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नाही, गाळली.) गाडी गेल्यावर तुझा मुलगा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मोठे काका, यापुढे काहीही बदलण्याआधी मी ते कागदावर छापून तुमच्याकडे आणू का? तुम्ही एकदा वाचाल?" मी रागात होतो, ठाम नकार दिला. पहिल्याच विचारण्यास होकार देणे मला जमत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्याने दुसऱ्यांदा विचारावे, अशी काही व्यवस्था कर. मी सुचविले असे सांगू नकोस. पहिल्या तारखेपासून सकाळी दहानंतर मी घरीच आहे. दार उघडेच असते.