बुंदी, जिलबी आणि पहिलं शील

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
काल संघप्रिया आणि तिची आई लातूरला परत गेल्या. मुलगी नीटच्या क्लासला, आई तिला डबा करून द्यायला. परभणीच्या घरात आता मी, माझी आई आणि खाऱ्या पाण्याची टाकी. टाकीत संघप्रियाचे दोन क्लाउनफिश, बुंदी आणि जिलबी. दहावीच्या निकालाचं बक्षीस. जाताना बजावून गेली, "पप्पा, फक्त खाऊ घाला. सुधारणा काही करू नका." २५ डिसेंबरला ती येईल तेव्हा बुंदी-जिलबी सुखरूप दाखवीन, असा शब्द दिला.

आत्ता दगडावर चार तपकिरी, काचेसारखी फुलं दिसली. काल नव्हती.

४ नोव्हेंबर
पुण्याच्या दुकानदाराला, ओमप्रकाशला फोन. म्हणे फुलं नाहीत, प्राणी आहेत. डंख मारतात, बघता बघता टाकी भरून टाकतात. उपाय : सिरिंजने तोंडात लिंबाचा रस. "साहेब, एका लिंबात खलास."

पण मी पहिलं शील घेतलेला माणूस. प्राणिहत्या नाही. (रविवारी बोंबलाचं कालवण खाल्लं. ते बोंबील मी मारले नव्हते. हा मुद्दा सवडीने लिहून काढायचा.)

मी कृषी सहायक. वीस वर्षं गावोगाव सांगतो, फवारणी कमी करा, पिकावरची कीड खाणाऱ्या मित्रकिडी सोडा. तेच घरी करायचं. मी मारणार नाही. निसर्ग मारेल.

९ नोव्हेंबर
ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ओमप्रकाशकडचा थर्माकोलचा डबा आला. ही फुलं खाणारे, लाल पट्ट्यांचे तीन झिंगे. पाण्यात सोडल्यावर पंधरा मिनिटांत पहिल्याने फुलाचा एकेक हात उपटला, मग मधला गर ओढून काढला. फूल आक्रसून घेत होतं. तो सोडेना. खुर्ची ओढून बघत बसलो, ऑफिसला उशीर झाला. आनंद झाला हे लिहिताना संकोच वाटतो. आनंद संतुलनाचा असावा.

१३ नोव्हेंबर
चारही फुलं साफ. झरीच्या शेतीशाळेत हेच उदाहरण दिलं. सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, मित्रकिडीनं समदा मावा खाल्ल्यावर ती काय खाती?" प्रश्न चांगला आहे म्हणालो. वेळ संपली होती.

(वीस मिनिटं शिल्लक होती.)

१६ नोव्हेंबर
झिंगे उपाशी. संघप्रियाचं मऊ पोवळं कुरतडून संपवलं. आज एक बुंदीच्या शेपटीला लटकला. आई म्हणाली, "चाळनीनं काढ अन् टाक की बादलीत." नाही. बादलीत मेले तर मी मारले. टाकीत मेले तर निसर्गाने. फरक बारीक आहे. शील बारीकच असतं.

ओमप्रकाशला फोन केला.

२२ नोव्हेंबर, सकाळी ८
झिंगे खाणारा हॉकफिश आला. लालभडक, दगडावर दबा धरून बसतो. झिंग्याला कमरेत धरलं आणि दगडावर आपटलं. सहा वेळा, मोजलं. कवच फुटल्याचा आवाज काचेतून ऐकू आला. मिशा बराच वेळ तोंडाबाहेर हलत होत्या. आई भाकरी थापताना बघत होती. म्हणाली, "तू न्हाई मारीत बाबा. तू मारेकरी आनायलास."

ह्याचं उत्तरही सवडीने लिहून काढायचं.

३० नोव्हेंबर
झिंगे संपले. हॉकफिशने जिलबीचा डावा पंख फाडला. बुंदी तिच्यापुढे आडवी उभी राहते, तिच्या अंगावरही आता दोन चावे. संध्याकाळी संघप्रियाचा व्हिडिओ कॉल. तिला जिलबीची उजवी बाजू दाखवली. खोटं बोललो नाही. बाजू निवडली.

४ डिसेंबर
लायनफिश मागवला. ओमप्रकाश जरा अडखळला. "साहेब, तोंडात मावंल ते खातो हां." दुकानातल्या माशाच्या तोंडाचं माप त्याच्याकडून घेतलं, घरी काचेवर फूटपट्टी लावली. हॉकफिश सडपातळ, मावतो. बुंदी-जिलबी गोलमटोल, मावत नाहीत. इतकं माप मी लग्नाच्या कोटाचंही घेतलं नव्हतं.

आईला सांगितलं, हा शेवटचा. ती म्हणाली, "ह्याला खायाला मग काय वाघ आनतूस?"

८ डिसेंबर
लायनफिशने पंख पसरून हॉकफिशला कोपऱ्यात कोंडलं. तोंड उघडलेलं दिसलंच नाही. हॉकफिश होता, मग नव्हता. ओठांतून शेपूट तेवढी वळवळली.

संतुलन पूर्ण.

११ डिसेंबर
जिलबी दिसत नाही. फिल्टरमध्ये, दगडाखाली, फरशीवर शोधलं. लायनफिशचं पोट एका बाजूने फुगलेलं. अनुमान काढायची घाई नको.

१२ डिसेंबर, सकाळी ७
डोळ्यांदेखत. बुंदी जिलबीच्या जागेवर उभी होती. लायनफिशने समोरून धरली. गोलमटोल, अर्धी अडकली. शेपूट बाहेर फडफडत होती. त्याने दोन झटके दिले. मी काच बडवली. जाळी हातात होती, पण हात पाण्यात घालवेना. त्याच्या काट्यांत विष असतं.

ओमप्रकाशने ते माप तोंड बंद असताना घेतलं होतं. मी विचारलं नव्हतं.

२५ डिसेंबर
संघप्रिया आली. पाठीवरची बॅग न काढता टाकीसमोर गेली. आत लायनफिश, आणि दगडाच्या कपारीत एक तपकिरी फूल. झिंग्यांकडून सुटलं असावं. मी संतुलनाबद्दल बोलायला लागलो. तिने विचारलं, "सुधारणा केली ना पप्पा?"

मग स्वयंपाकघरातून लिंबू आणलं. तिच्या आजीच्या औषधाची सिरिंज घेतली, लांब नळी लावली, फुलाच्या तोंडात टोचली. फूल आतल्या आत वितळलं. अर्धं लिंबू उरलं. तिने ते वरणात पिळलं आणि जेवली.

२७ डिसेंबर
लायनफिश दोन आठवडे उपाशी. गोठवलेलं खात नाही. ओमप्रकाश परत घेत नाही, म्हणतो, "त्याला जिवंतच लागतं साहेब. रोज दोन." उपाशी मेला तर मी मारला.

मागच्या हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत. तेही मित्रच.

आईने वाटी दिली. संघप्रिया दारात उभी होती. दोन सोडले. पहिला गेला तेव्हा दुसरा काचेवर माझ्या बाजूला येऊन थांबला होता.

सोडताना हात पाण्याच्या वर होता, हे नमूद करतो.