मक्यावरचा घेवडा

आई, देवळाच्या स्मरणिकेत मी तुझ्यावर जे पान लिहिलं, त्यातलं एक वाक्य चुकीचं आहे. मी लिहिलं होतं की शास्त्रवचनाला मान देऊन माझी आई एका वाफ्यात एकच बी पेरायची. तशी तू पेरायचीस हे खरं, आणि मान दिलास हेही खरं. पण मी तेरा वर्षांची होईपर्यंत तू एकाही वाफ्यात एकटं बी टाकलं नव्हतंस. ते तू सोडलंस माझ्या सांगण्यावरून. मी सांगितलं ते अर्धवट होतं, आणि पुढे ते अर्धवट आहे हे कळल्यावरही मी गप्प बसले. एवढं सगळं गाळून मी ते वाक्य लिहिलं आणि वर तुझं कौतुक केलं.

चूक कळल्यापासून ती कबूल करायला बारा वर्षं का लागली, तर कुणी विचारलंच नव्हतं. महिन्यापूर्वी चर्चच्या भगिनी मंडळात पाळकांच्या पत्नीने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या बायका माना डोलवत होत्या. चहाच्या वेळी मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या, कोपर धरून मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, माझ्या खिडकीत एकाच कुंडीत पुदिना नि कोथिंबीर आहे. मला बाई ठाऊकच नव्हतं. पुदिना उपटून टाकू का?" मी म्हटलं, "नको हो, राहू द्या." त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने केलं ना पण? मोठा विश्वास होता त्या बाईचा." मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी त्यांना बिस्कीट दिलं.

आपली खोली आठवते ना? परळच्या त्या देवळामागची, पप्पा वॉचमन म्हणून मिळालेली. खोलीचं दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी होती, तिथे लोक जुनी बाकं टाकून द्यायचे. तू देऊळ झाडायचीस, पितळेचा क्रूस चिंचेने घासायचीस, खुर्च्या लावायचीस आणि मग पदर खोचून त्या पट्टीत उतरायचीस. गावी आपल्या घराण्यात कुणाच्या नावावर वावर नव्हतं. तू जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलेलं. मुंबईत येऊन तुला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पेरायला माती मिळाली, आणि तीही देवळाची. पप्पा चिडवायचे, "पुन्हा दुसऱ्याच्याच रानात राबतेस की!" तू म्हणायचीस, "राबते तर राबते. इथं निदान मालक तरी चांगला भेटला."

तू मका पेरायचीस, मक्याच्या बुडाशी घेवडा आणि मधे भोपळा. मका वर जायचा, घेवडा त्याच्या अंगावर चढायचा, भोपळ्याची पानं दोघांच्या पायाशी पसरून ओल धरायची. शाळेतल्या पुस्तकातल्या चित्रात सरळ ओळी होत्या, म्हणून मी एकदा विचारलं होतं, असं का. तू म्हणालीस, "एकट्यानं उभं ऱ्हायचं म्हंजी कंटाळंल की ते." घेवड्याचं बी काळं, त्याला पांढरा डोळा. तुझ्या आईने लग्नात तुझ्या पदराला बांधून दिलेलं. आणि भिंतीकडची शेवटची ओळ तू कधीच तोडायची नाहीस. भिंतीपलीकडे चाळ होती. तिथल्या बायका हात लांब करून शेंगा घ्यायच्या. मला ती चोरी वाटायची. तू म्हणायचीस, "कडंचं आपलं नसतं."

कापणीच्या सणाला सगळी मंडळी टोपल्या घेऊन यायची. दादरच्या बाजारातली सफरचंदं, अननस, चकचकीत कागदातले मिठाईचे डबे. वेदीपाशी ओळीने मांडलेल्या त्या सगळ्यांत मातीतून उपटून आणलेली टोपली एकटी तुझी. उपासनेनंतर अंगणात लिलाव व्हायचा, तेव्हा मंडळीचे खजिनदार मुद्दाम तुझी टोपली शेवटी ठेवायचे आणि ओरडायचे, "आता बंगल्यावाल्यांनो, खिशात हात घाला, घेवडा येतोय!" तू दाराआड उभी राहून पदर तोंडाला लावून हसायचीस.

माझी मोठी प्रतिष्ठा होती तेव्हा आपल्या घरात. आपल्या घराण्यात वाचता येणारी मी पहिली. संध्याकाळी तू तांदूळ निवडायचीस आणि मी शास्त्रातून एक अध्याय वाचायचे. अध्याय संपला की तुझा एकच प्रश्न, "मंग, आपुन काय करायचं?" मी जे सांगेन ते तू करायचीस. अमक्याला माफ करायचं म्हटलं, की दुसऱ्या दिवशी तू नळावर भांडलेल्या बाईकडे वाटीभर कालवण घेऊन जायचीस. त्या वर्षी मी ठरवलं होतं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं शास्त्र वाचायचं. भिंतीवर तक्ता लावला होता, वाचलं की खूण. मोशेच्या नियमांपाशी आले आणि मला भीती वाटायला लागली. किती गोष्टी करायच्या नाहीत! आपण नकळत रोज काय काय मोडत असू? आणि मग ते वचन आलं, की शेतात दोन जातींचं बी मिसळून पेरू नये.

मी वाचायची थांबले. तू सुपातून मान वर केलीस. "का गं?" मी तुला ते वचन पुन्हा वाचून दाखवलं. तू आधी हसलीस. "पर हे काय शेत हाये व्हय? हा तर वाफा." मी म्हटलं, "वाफा म्हणजे लहान शेतच." तू म्हणालीस, "तुजी आजी बी असंच पेरायची." आणि मी म्हणाले, "आजीला वाचता येत नव्हतं." तू जरा वेळ सुपातले खडे बाजूला करत राहिलीस. मग म्हणालीस, "मला तरी कुठं येतंय." आणि मग, नेहमीसारखं, "मंग, आपुन काय करायचं?"

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचा गणवेश घालून पायरीवर उभी आहे. तू विळा घेऊन मक्यात वाकली आहेस. घेवड्याचे वेल मक्याच्या ताटांना असे गुंडाळलेले, की ओढले तर मका मोडेल. म्हणून तू एकेक वेल बुडाशी कापतेस आणि वर तसाच सोडतेस. त्यांना जांभळ्या कळ्या आल्या आहेत, फुलायला आठवडा असेल. मी विचारते, "बी ठेवलंयस ना थोडं?" तू पाठ न वळवता म्हणतेस, "समदंच पेरलं व्हतं." आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस ते कापलेले वेल मक्याच्या अंगावर सुकत राहिले, आणि शाळेतून येताना मी मान खाली घालून खोलीत शिरायचे. त्या सणाला तुझ्या टोपलीत दोन भोपळे आणि कणसं होती. भोपळ्याला माझी हरकत नव्हती असं नाही, पण तोवर तो धरला होता आणि माझाही धीर संपला होता. खजिनदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, घेवडा कुठाय यंदा?" तू हसून म्हणालीस, "यंदा न्हाई धरला." तू कधी खोटं बोलायची नाहीस. ते तू माझ्यासाठी बोललीस.

तीन वर्षांनी, दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या वर्गात, मी हात वर करून जुन्या पाळकसाहेबांना त्या वचनाबद्दल विचारलं. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. ते म्हणाले, "पोरी, तो नियम त्या काळच्या लोकांसाठी होता, आपल्यावर त्याचं ओझं नाही. नाहीतर त्याच वचनात पुढे दोन तऱ्हेच्या धाग्यांचं कापडही घालू नये म्हटलंय. तुझ्या ओढणीत टेरिकॉट आहे ना? दे काढून." सगळा वर्ग हसला. मग ते म्हणाले, "आणि त्याच पानावर, जरा वर, काय लिहिलंय? शेताच्या कडा कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. ते वाचलंस का?" मी वाचलं होतं. तुला वाचूनही दाखवलं होतं आणि तक्त्यावर खूणही केली होती. पण तिथे मी थांबले नव्हते, कारण त्यात तुला अडवण्यासारखं काही नव्हतं. न वाचता तू जे करत होतीस ते माझ्या नजरेतून सुटलं, आणि तुझी चूक काढता येईल तेवढंच मला दिसलं.

घरी आले तेव्हा तू चुलीपुढे होतीस. म्हणजे स्टोव्हपुढे, पण तू त्याला चूलच म्हणायचीस. "आज काय शिकविलं?" मी म्हटलं, "काही विशेष नाही." तू म्हणालीस, "मंग, आपुन काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही, आई." तू भाकरी उलटलीस. माझी चूक मी कबूल केली असती, तर आजवर वाचलेल्या बाकी सगळ्याचं काय, याची मला भीती होती. तुझ्यासाठी वाचणारी मी एकटी होते. ती जागा जाईल असं वाटलं. आणि मी स्वतःला समजावलं की बी तर संपलंच आहे, आता सांगून काय उपयोग. त्यानंतर तू तीन वर्षं जगलीस. तीनही वर्षं मका एका वाफ्यात, भोपळा दुसऱ्या, मधे हातभर मोकळी माती.

गेल्या मंगळवारी हिंदमाताला साड्यांच्या दुकानाबाहेर कुणीतरी माझा दंड पकडला. भिंतीपलीकडच्या चाळीतल्या मालवणी काकी. चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्या नवव्या मजल्यावर राहतात. "गो, तू त्या देवळातल्या बाईचां चेडू ना? चल वर, चाय घेऊन जा." वर गेले. ग्रिलला, रंगाच्या रिकाम्या डब्यातून वर चढलेला एक वेल, मोगऱ्यात गुंतलेला, त्याला चार-पाच वाळक्या शेंगा. मी बघतच राहिले. काकी म्हणाल्या, "बघतंस काय? तुझ्याच आवशीचो तो. माका भिंतीवरसून हाक मारी, म्हणा, ह्या कडेचां तुमचां. मी म्हटलंय, अगो बाई, आमकां दिलंस तर तुझ्या देवाक काय देतलंस? तर म्हणता कशी, तोच देवाचो वाटो." मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "मगे एका वर्सा एकदम बंद कित्या केल्यान?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे." पहिल्यांदाच म्हटलं, तेही तुझ्या देवळाशी संबंध नसलेल्या बाईसमोर. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "तू इल्लीशी होतंस." आणि मग, सहज बोलावं तसं, "दुसऱ्या वर्सा मी बी देऊक गेललंय तिका. मूठभर. घेतल्यान नाय. म्हणाली, माझी लेक वाचते, तिचं मला मोडायचं नाही."

आई, बी संपलं नव्हतं. भिंतीच्या पलीकडे होतं. माझ्या एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य माझ्याजवळ तीन वर्षं तयार होतं.

काकींनी मला सात बिया दिल्या, पुडीत बांधून. काळ्या, पांढऱ्या डोळ्याच्या. वडाळ्याच्या माझ्या खोलीत त्या टेबलावर आहेत आणि त्यांच्याशेजारी मी हे लिहिते आहे. मेलेल्या माणसाशी बोलू नये असं शास्त्रात आहे, तेव्हा पत्र लिहिलेलं चालतं का, याचाही मी दोन दिवस विचार केला. मग आठवलं की मी लिहिलेलं तुला वाचून दाखवायला मीच लागणार, आणि ते तर होणार नाही. म्हणून हे इथेच राहील. देवळामागच्या आपल्या पट्टीवर आता फरशी घालून गाड्या लावतात, पण भिंतीलगत दोन हात माती उघडी आहे. तुझी कडेची ओळ. नव्या वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "लावा ना ताई, कोण काय बोलणारे." पाळकसाहेबांनाही फोन करून मंडळीसमोर साक्ष देण्यासाठी वेळ मागितला आहे. काय बोलायचं ते लिहून काढलं. पुदिन्यावाल्या बाईंना पहिल्या बाकावर बसवा, त्यांना कमी ऐकू येतं, एवढंच त्यांना सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी तिथे बोलणार नाही, ती फक्त तुला. मला घेवड्याची भाजी आवडायची नाही. ऑगस्ट संपला की मला धास्ती बसायची, आता दिवाळीपर्यंत डब्यात रोज तीच, आणि वर्गातल्या मुली डबा उघडायच्या आधीच नाक धरणार. ते वचन सापडलं तेव्हा मी खरंच घाबरले होते, हे देवाशपथ खरं. पण घाबरण्याच्या तळाशी थोडा आनंदही होता का, ते मला आजही ठरवता येत नाही.

येत्या रविवारी, सात जूनला, उपासनेनंतर मी उभी राहणार आहे, आणि त्याच दुपारी त्या दोन हात मातीत मका पेरून त्याच्या बुडाशी सातही बिया टोचणार आहे.