झिरो बल्बचे एकशे शहाण्णव वॉट

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.
शेजारच्या रशिदाचाचीची तुरेवाली कोंबडी आज पहाटे मुंगसानं नेली. कालच अंड्यांवर बसली होती. अकरा अंडी तशीच राहिली. चाची नाक पुसत म्हणाली, माझ्या अम्मीच्या कोंबडीची जात होती बाळा ही, आता एवढीच अंडी उरली. मी लगेच म्हणालो, चाची, मी उबवून देतो की. माझी बहीण मोना म्हणाली, तू बसणार व्हय अंड्यावर?
इग्नोर केलं. थर्माकोलची पेटी, एक होल्डर, एक बल्ब. एकवीस दिवस. २५ तारखेला अकरा पिल्लं. चाचीला शब्द दिलाय.

दुपारी ४.
मोटर रिवायंडिंगवाल्या आकारामकाकांकडे गेलतो. म्हणाले, साठचा बल्ब लाव, आत हात घालून बघ, उबदार लागलं की झालं. हात घालून! मग सायन्सचा शोध कशाला लागला?
घरी मल्टीमीटर लावला. बल्ब होल्डरला न लावताच, सेफ्टी फर्स्ट. साठच्या बल्बचा रेझिस्टन्स ६५ ओहम. व्होल्टेज २३०. करंट म्हणजे २३० भागिले ६५, साडेतीन अँपिअर. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. आठशे चौदा वॉट!! बल्बवर लिहिलंय साठ. अंड्यांची भुर्जी झाली असती.
मग देवघरातला झिरो बल्ब काढून मोजला. २७० ओहम. म्हणजे वन नाइंटी सिक्स वॉट. मोनाला विचारलं मराठीत काय म्हणतात. एकशे शहाण्णव. नाव झिरो आणि काम एकशे शहाण्णव! अख्खा देश फसलाय. झिरोच लावला.

५ जानेवारी
थर्मामीटर २९ दाखवतोय. पाहिजे साडेसदतीस. थर्मामीटर चायनाचा आहे. करेक्शन फॅक्टर: अधिक साडेआठ. आता परफेक्ट.
चाचीनं पेटीत हात घातला. म्हणाली, पृथ्वी बाळा, गार हाय रं. मी म्हणालो, चाची, हात हे इन्स्ट्रुमेंट नाही. ती मान डोलावत घरी गेली. पटलं.
कॉलेजवरून आलो तर चाची आमच्या घरातून निघत होती, हातात झाकलेली पाटी. तिची बहीण हातकणंगल्याहून आलीय, सोबत एक खुडूक कोंबडी. विचारलं, ही कशाला? चाची म्हणाली, पावणी हाय, ऱ्हाईल चार दिवस. बहुतेक संडेला कापणार.

६ जानेवारी
ब्रेकथ्रू!! अंडी मोठी झाली. काल पाच सेंटिमीटर, आज पावणेसहा. रंगही तांबूस होता, तो पांढराशुभ्र झाला. पिल्लू वाढलं की कवच ताणलं जातं, रंग पातळ होतो. सिंपल. मोनाला दाखवलं तर ती गॅसवर काही करपत असल्यासारखी स्वयंपाकघरात पळाली.

११ जानेवारी
अंड्यांमागे टॉर्च धरून बघितलं. आत काहीच दिसत नाही. एकदम स्वच्छ. म्हणजे इन्फेक्शन नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. मोनानं टेस्ट म्हणून पेटीत तिळगूळ ठेवला. संध्याकाळी तो दगडासारखाच होता. म्हणाली, अजून गोड बोलू का? गुळाचा रेझिस्टन्स जास्त असणार. हिला काय सांगायचं, हिला ओहम म्हणजे आरती वाटते.

२० जानेवारी
पेटीला थोडा वास. प्रोटीनची ॲक्टिव्हिटी. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता बाहेर टाक ते. घरातला रेझिस्टन्स वाढला की करंट कमी होतो. करंट तेवढाच ठेवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. आवाज चढवला. आता पेटी आणि मी दोघंही माडीवर.
झुकणार नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन करून आख्ख्या गल्लीला पिल्लं दाखवणार.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
चिवचिव! आली!! पेटीला कान लावला. पेटी शांत. चिवचिव भिंतीपलीकडून.

सकाळी ९.
चाचीच्या अंगणात नऊ पिल्लं. पावण्या कोंबडीच्या पंखाखालून एकेक डोकं बाहेर. सगळ्यांना तुरा. मी विचारलं, ही कुठून आली? चाची म्हणाली, रागावू नगंस बाळा. दुसऱ्याच दिवशी अंडी बदलली मी, आपली ह्या खुडूक कोंबडीखाली उबवाय ठेवली. तुझ्या पेटीत दुकानातली ठेवली. अम्मीची जात हाय, तुझ्या हिशेबावर कशी सोडू? पण तुझं मन कसं मोडू, ते बी कळंना.
म्हणजे वीस दिवस मी दुकानातल्या अंड्यांना टॉर्च मारत होतो.

दुपारी १२.
हिशोब बरोबरच आहे हे सिद्ध करायला आकारामकाकांकडे. त्यांनी झिरो बल्ब पेटवला आणि मग करंट मोजला. पॉइंट झिरो सिक्स फाइव्ह. गुणिले २३०. पंधरा वॉट. रेझिस्टन्स साडेतीन हजार ओहम. मी म्हणालो, मी मोजला तेव्हा २७० होता. काका म्हणाले, लेका, गार बल्ब मोजलास की तू. तार तापली की तिचा रोध बारा-तेरा पटीनं वाढतोय. गार माणूस आन् तापल्यालं माणूस सारखंच अडतंय व्हय? तुझ्या आईला गार असताना विचारून बघ, मग तापल्यावर विचार.
तरी फॉर्म्युला बरोबर होता. फक्त बल्ब गार होता.

२६ जानेवारी
पेटी शेताच्या कडेला पुरली. एक अंडं वाटेतच फुटलं. शर्ट पण पुरला.
परतताना चाचीनं हाक मारली. सगळ्यात बारकं पिल्लू माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, हे तुझं, मेहनत केलीस की. हाताला चांगलंच उबदार लागलं. इन्स्ट्रुमेंट नव्हतं जवळ, पण साडेसदतीसच्या पुढंच असणार.
नाव मी ‘वॉट’ ठेवणार होतो. मोनानं आधीच ‘झिरो’ ठेवलं, गल्लीत जाहीर पण केलं. मी विरोध नोंदवला.
संध्याकाळी ती दारातून ओरडली, ए झिरो!
आम्ही दोघांनी वळून बघितलं.