आमेनच्या आधीची चार मिनिटं

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय डाउवे,

आधी काय घडलं ते लिहिते. बाकीचं नंतर.

१. रविवार, १३ ऑक्टोबर. उपकारस्तुतीचा रविवार. आई, बाबा आणि मी साडेअकराला चर्चमधून घरी आलो.
२. साडेबाराला जेवायला बसलो. आईने खिम्याच्या गोळ्यांचं सूप, बटाटे आणि लाल कोबी केला होता. ती नेहमीसारखी बोलत होती.
३. एक वाजून पाच मिनिटांनी बाबांनी जेवणानंतरची प्रार्थना सुरू केली.
४. एक वाजून अकरा मिनिटांनी आईच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली मला दिसली. उजवा हात मांडीवरून घसरला होता.
५. मी ताबडतोब फोन केला. रुग्णवाहिका एकोणीस मिनिटांत आली.
६. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. औषध मुदतीत देता आलं.
७. आई जिवंत आहे. उजवा हात हलत नाही, पाय थोडा हलतो. तिला सगळं समजतं, असं वाटतं. बोलता चार-पाच शब्द येतात.

त्या दिवशी तुला पाठवलेल्या निरोपात यातलं निम्मंही नव्हतं. तू तुझ्या क्लेअरकडून विचारलंस, आई कशी आहे, आणि मी ‘स्थिर’ एवढंच कळवलं. आमच्या स्कॅनच्या विभागात हा शब्द आम्ही दिवसातून वीसदा वापरतो आणि त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. वरची यादी मी आधी डॉक्टरांना सांगितली, मग पाळकांना, मग येतील त्या शेजाऱ्यांना. तिच्यातला चौथा आणि पाचवा मुद्दा मला दुरुस्त करायचा आहे. थोडा वेळ लागेल. हे मला सरळ लिहिता येत नाहीये.

आई पुनर्वसन केंद्रात आहे, घरापासून चाळीस मिनिटांवर. बाबा सकाळचं दूध काढून नऊला तिथे पोचतात आणि संध्याकाळच्या दुधाला परततात. तिला दाट केलेलं सूप चमच्याने भरवतात आणि दर चमच्यामागे हळू आवाजात आभार मानतात. तिथली नर्स दोन दिवस दर वेळी ‘असू दे, काका, असू दे’ म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तिच्याशी कोणी बोलतच नाहीये. घरी स्वयंपाक बाबा करतात. बटाटे मधोमध कच्चे असतात. बाबा बारीक झालेत, रविवारचा कोट खांद्यावरून उतरायला लागलाय. गेल्या आठवड्यात गोठ्यात त्यांना एका उलट्या बादलीवर बसलेलं पाहिलं. दूध काढायचं यंत्र नुसतं चालू होतं. मी यंत्र बंद केलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, “आमची यंत्रवाली आली.” पूर्वी ते मला चिडवायला असं म्हणायचे.

आपलं टेबल तुला आठवत असेल. जेवणाआधी एक प्रार्थना, जेवणानंतर एक, आणि दुसरीचं आमेन होईपर्यंत कोणी खुर्चीवरून हलायचं नाही. दुसऱ्या प्रार्थनेत प्रत्येकाने तीन गोष्टींचे आभार मानायचे: एक सोपी, एक रोजची, एक जड. बाबांचं सगळं लक्ष तिसरीवर. सोप्या गोष्टींचे आभार कोणीही मानतं, ते म्हणायचे, जड गोष्टीवर कळतं माणूस कुणाचा आहे ते. गणितात नापास झालास तेव्हा तू त्याबद्दल देवाचे आभार मानलेस आणि पुढे म्हणालास, याहून जड माझ्याकडे काही नाही, प्रभू, असतं तर दिलं असतं. आईला हसू आवरेना. तिने खोकल्याचं नाटक केलं. ती स्वतः नेहमी पळवाट काढायची. वासरू मेलेलं जन्मलं तेव्हा तिने गाय वाचल्याबद्दल आभार मानले. बाबांनी तिथल्या तिथे सुधारलं: गायीबद्दल नाही, वासराबद्दल. तिने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गायीबद्दलच मानले. तू आणि मी टेबलापलीकडून एकमेकांकडे बघत असायचो, कारण आपले डोळे कधीच पुरते मिटलेले नसायचे. आपण बघतोय हे आईला कळायचं, म्हणजे तिचेही नसणार.

मी ती सवय सोडली नाही, तीन गोष्टींची. तू विचारशील म्हणून सांगते. कामावरून आले की लिहून ठेवते. माझा विश्वास मोठा नाही, पण आहे. दिवसभर लोकांच्या डोक्यांच्या आतले फोटो काढल्यावर कोणाचे तरी आभार मानल्याशिवाय मला जेवण जात नाही. आजकाल मी दोनच गोष्टी लिहिते.

त्या जानेवारीतल्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मेंदूज्वराने चार दिवसांत तुझा आणि क्लेअरचा योरिस गेला. त्याला पुरून आपण सगळे इथे जेवायला आलो. क्लेअरने ताटाला हात लावला नव्हता. दुसऱ्या प्रार्थनेत बाबा तिसऱ्या गोष्टीवर आले आणि योरिसला परत बोलावून घेतल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. आवाज कापला नाही. तू आमेनच्या आधी उठलास. त्या टेबलावरून असं कोणी कधी उठलं नव्हतं. तुझी खुर्ची मागे पडली, ती मी उचलली. बाबा थांबले नाहीत, प्रार्थना पुरी केली. याला येत्या जानेवारीत सात वर्षं होतील. तेव्हापासून बाबांची तिसरी गोष्ट म्हणजे हवा, गुडघा, पडलेलं कुंपण. तुझं नाव एकदाही नाही. आई ताटं उचलताना म्हणायची, “आज पण गुडघाच.” बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आता चौथा मुद्दा.

ओव्हनवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती तेव्हा मी डोळे उघडले. आईचं तोंड ओघळलेलं होतं. हात घसरला होता. मी पाच वर्षं हेच काम करते, मला शंका आली नाही. काय करायचं तेही माहीत होतं, फोन माझ्या खिशात होता. त्याच क्षणी बाबा तिसऱ्या गोष्टीवर आले आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. पुढचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात:

“प्रभू, आज जड आहे तो डाउवे. मी इतकी वर्षं त्याचं नाव तुझ्यापुढे काढलं नाही, कारण ते जड आहे हे मला कबूल करायचं नव्हतं. लेकरू त्याचं होतं. मी पुढे झालो आणि त्याच्या लेकराबद्दल आभार मानून मोकळा झालो. स्वतः रडलोसुद्धा नाही. तो उठून गेला त्याबद्दल तुझे आभार. कोणीतरी उठायला हवं होतं.”

मग ते रडले. बराच वेळ. मग योरिसबद्दल बोलले: तो वासरांना नावं कशी द्यायचा, आजोबांच्या बुटात पाय घालून कसा चालायचा. मग आमेन. एक वाजून अकरा मिनिटं झाली होती.

या चार मिनिटांत मी बसून होते. ‘कोणीतरी उठायला हवं होतं’ हे ऐकतानाही बसून होते. मी तोंड उघडलं असतं तर बाबा थांबले असते, आणि ते पुन्हा कधी बोलतील याची मला खात्री नव्हती. आई माझ्याकडेच बघत होती. तिने मान किंचित हलवली असं मला वाटतं, जणू राहू दे, बोलू दे त्यांना. ती खूण होती की झटका, मी सांगू शकत नाही. म्हणून ती मी धरत नाही. दर मिनिटाला मेंदूच्या किती पेशी मरतात, याचा तक्ता आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे. आकडा इथे लिहीत नाही. चार मिनिटं आधी फोन केला असता तर तिचा हात वाचला असता का, हे मी डॉक्टरांना माझी ओळख न देता, दुसऱ्याची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हेच उत्तर मी रोज लोकांना देते.

हॉस्पिटलच्या कागदावर एक वाजून अकरा आहे. मी सांगितलं म्हणून.

आणि बाबा रोज माझ्याबद्दल आभार मानतात. तुझ्याबद्दल बोलायला जे धैर्य लागलं असेल ते बहुधा त्या दिवशीच संपलं. आता त्यांची सोपी, रोजची आणि जड, तिन्ही गोष्टी आईबद्दल असतात आणि चौथी मी. “प्रभू, हिल्केला तू त्या क्षणी डोळे उघडायला लावलेस, तिला हे शिक्षण दिलंस, एक क्षण वाया जाऊ दिला नाहीस.” समोर कच्चा बटाटा आणि मी. उपासनेनंतर पाळकांच्या बायकोने माझा हात धरून सांगितलं, तुझ्यासारखी मुलगी म्हणजे देवाने आधीच घरात आणून उभी केलेली रुग्णवाहिका. आजूबाजूचे हसले. मीही हसले.

पण याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. मला त्या चार मिनिटांबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात. पश्चात्ताप होतो, रोज होतो, पण तो बाजूला सारला की खाली हेच असतं. बाबा रडले, तुझं नाव निघालं, आणि ते ऐकायला मी होते. आईच्या हाताच्या बदल्यात. तिसऱ्या ओळीत हे लिहायला बसते आणि पेन ठेवून देते. बाबा म्हणायचे तसं जड याहून जास्त काय असू शकतं मला माहीत नाही, पण ते देवापुढे ठेवायला आधी ते माझं एकटीचं असायला हवं. ते नाही. त्यात आई आहे, आणि तू आहेस.

आई रविवारी, १७ नोव्हेंबरला घरी येते. बाबांनी पाळकांना आणि चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांना जेवायला बोलावलंय. जेवणानंतर सगळ्यांसमोर ते माझं नाव घेऊन आभार मानणार आहेत, आईच्या समोर. मी ते होऊ देणार नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी जेवण झालं की दुसऱ्या प्रार्थनेच्या आधी मी बाबांना खरी वेळ सांगणार आहे. ते चिडतील याची मला भीती नाही. ते याबद्दलही आभार मानतील, लगेच, माझ्या देखत, याची आहे. तसं झालं तर मी त्या टेबलावर बसू शकणार नाही, आणि उठल्यावर पुढे काय करायचं असतं ते आपल्या घरात फक्त तुला माहीत आहे. बाबांचे शब्द मी त्यांना न विचारता तुला पाठवलेत. ते त्यांनी तुला सांगितलेले नाहीत, देवाला सांगितलेत. तेव्हा माफ करायचं की नाही हा वेगळा विषय, त्यासाठी ये असं मी म्हणत नाही. मी माझ्यासाठी बोलावते आहे. शनिवारी, १६ तारखेला, बाराच्या आत तू इथे असावास. विमानतळावर मी घ्यायला येईन. कारणं लिहायची गरज नाही, येणार की नाही एवढंच गुरुवार, १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
हिल्के